पहिल्याच टप्प्यात गाठ काढली, तरी केमो का? फुप्फुसाचा लार्ज सेल न्यूरोएन्डोक्राइन कर्करोग

माहीमकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या उजव्या फुप्फुसातील गाठ गेल्या महिन्यात मुंबईतील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. भावोजी साठीला आले आहेत, बेस्टमधून वाहक म्हणून निवृत्त झाले आणि नोकरीत असेपर्यंत त्यांची सिगारेट काही सुटली नाही. शस्त्रक्रियेपूर्वी सुईने काढलेल्या तुकड्याच्या अहवालात ‘नॉन-स्मॉल सेल कार्सिनोमा’ (फुप्फुसाच्या कर्करोगाचा सर्वात मोठा गट) एवढाच उल्लेख होता. वरचा लोब (फुप्फुसाचा वरचा भाग) काढल्यानंतर जो सविस्तर अहवाल आला, त्यात मात्र ‘लार्ज सेल न्यूरोएन्डोक्राइन कार्सिनोमा’ असे निदान आहे. गाठ 3.4 सेंटिमीटरची, कापलेल्या कडा कर्करोगमुक्त, तपासलेल्या सर्व लसिका ग्रंथी स्वच्छ, स्टेज वन-बी, म्हणजे पहिलाच टप्पा.

शस्त्रक्रिया उत्तम झाली असे सर्जन म्हणतात, आणि तरीही मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट केमोथेरपीच्या चार सायकल सुचवतात. यावरून घरात दोन तट पडले आहेत. गाठ निघाली, ग्रंथी स्वच्छ आहेत, मग नुकत्या उठून फिरू लागलेल्या माणसाला पुन्हा अंथरुणाला का खिळवायचे, असे भावोजींच्या धाकट्या भावाचे म्हणणे आहे. इकडे ताईने इंटरनेटवर वाचन सुरू केले आणि शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण तिला एका ठिकाणी 27 टक्के, दुसऱ्या ठिकाणी 40 टक्के आणि तिसऱ्या ठिकाणी 60 टक्क्यांच्या पुढे आढळले. एकाच आजाराच्या आकड्यांत एवढी तफावत कशी असू शकते आणि त्यातला कोणता आकडा आमच्या उपयोगाचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. धीर देणारे पुष्कळ लोक भेटत आहेत. मला माहिती हवी आहे.

सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजी विभागात काम करतो, त्यामुळे अहवालापुरते सांगतो. उपचारांविषयी इतर सदस्य लिहितीलच.

फुप्फुसाच्या न्यूरोएन्डोक्राइन (चेतापेशी आणि संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी या दोन्हींचे गुण दाखवणाऱ्या) गाठींचे मुख्य चार प्रकार मानले जातात: टिपिकल कार्सिनॉइड, अ‍ॅटिपिकल कार्सिनॉइड, लार्ज सेल न्यूरोएन्डोक्राइन कार्सिनोमा आणि स्मॉल सेल कार्सिनोमा. पहिले दोन तुलनेने संथ असतात, शेवटचे दोन अत्यंत आक्रमक. तुमच्या अहवालातील प्रकार फुप्फुसाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे 3 टक्के रुग्णांत आढळतो आणि त्यांतील बहुतेक जण दीर्घकाळ धूम्रपान केलेले असतात. 1991 साली विल्यम ट्रॅव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतंत्र प्रकार म्हणून मांडला. त्यानंतरही जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999च्या वर्गीकरणात तो लार्ज सेल कार्सिनोमाचा उपप्रकार म्हणूनच राहिला, आणि 2015च्या वर्गीकरणात प्रथम न्यूरोएन्डोक्राइन गटात आला. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की जुन्या अभ्यासांतील रुग्णांची खानेसुमारीच वेगळ्या चौकटीत झालेली आहे.

निदानासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पेशींची रचना, म्हणजे त्या पुंजक्यांत किंवा गुलाबपाकळ्यांसारख्या वर्तुळांत मांडलेल्या आहेत का. विभाजित होणाऱ्या पेशींची संख्या, जी 2 चौरस मिलिमीटर क्षेत्रात 10पेक्षा अधिक असावी लागते आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी पट असते. आणि सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी56 यांपैकी किमान एक मार्कर (पेशींची ओळख पटवणारे प्रथिन) पॉझिटिव्ह असणे. सुईने काढलेला तुकडा बारीक असतो, काढताना तो दबतो आणि रचना मोडून जाते, म्हणून या आजाराचे निदान बहुधा शस्त्रक्रियेनंतरच पक्के होते. पहिल्या अहवालात जेवढे दिसले तेवढेच लिहिले गेले. त्यावरून कोणाला दोष देऊ नये.

अहवाल पुन्हा काढून दोन गोष्टी पाहा. ‘कम्बाइन्ड’ असा शब्द आहे का, म्हणजे गाठीच्या काही भागात अ‍ॅडिनोकार्सिनोमा (नेहमीचा नॉन-स्मॉल सेल प्रकार) किंवा स्मॉल सेलचा अंश मिसळलेला आहे का. आणि रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्याचा उल्लेख आहे का. निदान दुर्मीळ असल्याने स्लाइड दुसऱ्या एखाद्या फुप्फुसविषयक तज्ज्ञाकडून तपासून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. आम्हीही एकमेकांना दाखवतोच.

रानजाई

माझ्या वडिलांच्या बाबतीत एक्स-रेमध्ये डाग दिसल्यावर आधी क्षयाचे औषध सुरू झाले आणि डाग वाढतच गेला, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला. आपल्याकडे क्षय एवढा सर्वत्र आहे की असे अनेक घरांत घडते. तुमच्या भावोजींची गाठ वन-बीमध्ये सापडली हे खरोखर लवकर म्हणायचे.

आकडेमोड

आता आकड्यांविषयी. माझा व्यवसाय संख्याशास्त्राचा आहे, वैद्यकाचा नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

ताईंनी पाहिलेला 27 टक्के हा आकडा ट्रॅव्हिस यांच्याच 1998च्या अभ्यासातील असावा. त्यात या कर्करोगाचे पाच वर्षांचे प्रमाण 27 आणि दहा वर्षांचे 9 टक्के होते. टिपिकल कार्सिनॉइडचे पाच वर्षांचे प्रमाण त्याच अभ्यासात 87 टक्के होते. सुमारे 40 टक्के हा आकडा जपानमधील 2006 सालच्या बहुकेंद्री अभ्यासात आहे, ज्यात शस्त्रक्रिया झालेलेच रुग्ण होते: लार्ज सेल न्यूरोएन्डोक्राइन 40.3, स्मॉल सेल 35.7, टिपिकल कार्सिनॉइड 96.2. केवळ पहिल्या टप्प्यातील रुग्ण घेतले की आकडा वर सरकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीवर आधारलेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात पहिल्या टप्प्यात फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांचे पाच वर्षांचे प्रमाण सुमारे 48 टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर केमो घेतलेल्यांचे सुमारे 64 टक्के होते.

तफावतीची कारणे निरनिराळी आहेत. काही अभ्यासांत सर्व टप्पे एकत्र केले आहेत. नव्वदच्या दशकात पेट स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय सर्रास होत नसे, त्यामुळे तेव्हा पहिल्या टप्प्यात गणल्या गेलेल्या काही रुग्णांचा आजार प्रत्यक्षात आधीच दूरवर पसरलेला असणार. दुर्मीळ आजार असल्याने अनेक रुग्णालयांचे अभ्यास अगदी मोजक्या रुग्णांवर उभे आहेत, आणि वीस-पंचवीस रुग्णांच्या गटात दोघे जण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी आठ-दहा अंकांनी हलते. असा आकडा दशांश चिन्हासह छापला म्हणून अचूक होत नाही.

माझ्या मते ताईंनी पाहण्यासारखी तुलना वेगळीच आहे. टीएनएम या टप्पे ठरवण्याच्या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीसाठी जगभरातून जमवलेल्या माहितीत, शस्त्रक्रियेनंतर वन-बी ठरलेल्या फुप्फुस कर्करोगाच्या रुग्णांचे पाच वर्षांचे प्रमाण 73 टक्के आहे. त्यात बहुसंख्य अर्थातच नेहमीचे नॉन-स्मॉल सेल प्रकार आहेत. टप्पा तोच, गाठीचा आकार तोच, ग्रंथी तशाच स्वच्छ, आणि तरीही या दुर्मीळ प्रकारात शस्त्रक्रियेचे फळ बरेच कमी मिळते. टप्पा सांगतो की आजार कुठवर दिसला. तो किती वेगाने पुढे जातो, हे गाठीचा प्रकार सांगतो. भावोजींच्या धाकट्या भावांना हा फरक समजला, तर अर्धा वाद मिटेल.

माहीमकर (धागाकर्ता)

फार मोलाची माहिती, आभारी आहे. मग 48 आणि 64 या आकड्यांवरून केमोने थेट 16 टक्क्यांचा फायदा होतो असे घरी सांगू का?

आकडेमोड

नाही, तसे सांगू नका. ती माहिती चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचणीतून आलेली नाही. शस्त्रक्रियेनंतर जो लवकर सावरला, ज्याचे मूत्रपिंड आणि हृदय ठीक आहे, वय फार नाही, त्यालाच डॉक्टर केमो देतात. आणि अशी व्यक्ती केमोशिवायही इतरांपेक्षा अधिक जगण्याची शक्यता असते. शिवाय जो शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांत दगावला, तो केमोच्या गटात येऊच शकत नाही. अभ्यासक गणिताने निवडीमुळे येणारा हा कल कमी करतात, पण तो पुसला जात नाही. फायदा आहे असे दिसते, तो नेमका किती हे ठाऊक नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल.

यातील एकमेव मोठी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली, चाचणी जपानची आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत, लार्ज सेल न्यूरोएन्डोक्राइन किंवा स्मॉल सेल कर्करोगाची गाठ पूर्णपणे काढलेल्या 221 रुग्णांना एटोपोसाइड व सिस्प्लॅटिन किंवा इरिनोटेकान व सिस्प्लॅटिन यांपैकी एक जोडी देण्यात आली. तीन वर्षांनी आजार न उलटता हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 65.4 आणि 69.0 टक्के होते, आणि इरिनोटेकान सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. केमो न घेतलेला गट मात्र त्यात नव्हताच. म्हणून तुमच्या घरातील मूळ प्रश्नाला तिच्यातूनही थेट उत्तर मिळत नाही.

लालबागकर

मतभेदाबद्दल क्षमस्व, परंतु माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर केमो नाकारली आणि कित्येक वर्षे झाली तरी ते रोज राणीच्या बागेत फिरायला जातात. आपल्याकडे केमोचा सल्ला जरा सढळ हाताने दिला जातो, असे माझे निरीक्षण आहे. साठीच्या माणसाला थांबून, लक्ष ठेवून पाहण्याचा पर्याय कोणी सांगतच नाही.

वक्षशल्य

मी छातीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकात आहे, म्हणून लालबागकरांच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

केवळ शस्त्रक्रियेने बरे झालेले रुग्ण असतात, याबद्दल शंका नाही. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी संपूर्ण फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1933 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी केली. रुग्ण स्वतः डॉक्टर होते, आणि एका फुप्फुसावर ते त्यानंतर जवळपास तीस वर्षे जगले. स्वतः ग्रॅहम मात्र 1957 साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. सिगारेट आणि हा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या 1950च्या गाजलेल्या अभ्यासात ते सहलेखक होते आणि अनेक वर्षे धूम्रपानही करत आले होते. तेव्हा एकेका माणसाची हकीकत कोणत्याही बाजूला झुकू शकते. तुमच्या परिचयाच्या गृहस्थांची गाठ कोणत्या प्रकारची होती, हे कळल्याशिवाय तुलना करता येणार नाही. वन-ए टप्प्यातील अ‍ॅडिनोकार्सिनोमा असेल, तर आम्हीसुद्धा केमो सुचवत नाही.

आता या आजाराची खोड. काढलेल्या जागी तो उलटणे हा मुख्य धोका नव्हे. तो उलटतो तो बहुतेक वेळा मेंदू, यकृत, हाडे किंवा अधिवृक्क ग्रंथी अशा दूरच्या ठिकाणी, आणि बहुतांश रुग्णांत पहिल्या दोन वर्षांत. याचा अर्थ शस्त्रक्रियेच्या दिवशीच काही पेशी रक्तातून बाहेर पडलेल्या होत्या, ज्या कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत आणि कोणत्याही सर्जनच्या हाताला लागत नाहीत. शस्त्रक्रिया कितीही सफाईने झाली तरी ती छातीपुरतीच असते, म्हणून रक्तातून सर्वत्र पोहोचणारे औषध लागते. ‘थांबून पाहू’ हा पर्याय संथ आजारात चालतो. येथे आजार उलटल्याचे दिसेपर्यंत तो बरा करण्याची संधी बहुधा हातची गेलेली असते.

शस्त्रक्रियेविषयी तीन गोष्टी महत्त्वाच्या; शेवटच्या दोन आपल्या सर्जनना जरूर विचारा. पहिले, पूर्ण लोब काढला आहे, हे उत्तमच. 2 सेंटिमीटरपर्यंतच्या, कडेच्या गाठींसाठी लोबमधला फक्त एक खंड काढणे पुरेसे ठरू शकते, असे जपानच्या 2022च्या चाचणीने दाखवले असले, तरी तो निष्कर्ष अशा आक्रमक प्रकाराला लावण्याची घाई कोणी करू नये. दुसरे, दोन फुप्फुसांमधल्या जागेतील ग्रंथी किती ठिकाणांहून काढल्या? किमान तीन ठिकाणे तरी असावीत, कारण ग्रंथी मोजक्याच तपासल्या असतील, तर त्या ‘स्वच्छ’ असण्याला फारसे वजन राहत नाही. तिसरे, शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूचा एमआरआय झाला होता का? झाला नसेल, तर केमो सुरू होण्यापूर्वी तो करून घ्यावा.

केमो साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर चार ते आठ आठवड्यांत सुरू करतात. जखम भरलेली हवी, ताप नको, भूक परतलेली हवी. तुम्ही सध्या नेमके त्याच काळात आहात, म्हणून घरातील चर्चा लांबवू नका.

माहीमकर (धागाकर्ता)

ग्रंथी चार ठिकाणच्या काढल्या असल्याचे अहवालात आहे. मेंदूचा एमआरआय झालेला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी फक्त पेट स्कॅन झाला होता.

सूक्ष्मदर्शक

पेट स्कॅनमध्ये मेंदू स्वतःच साखर भरपूर शोषतो, त्यामुळे तेथील लहान ठिपके झाकले जातात. एमआरआयचा आग्रह त्यासाठीच असतो.

औषध कोणते, याविषयी थोडी भर घालतो. नेहमीच्या नॉन-स्मॉल सेल कर्करोगाची औषधे द्यावीत की स्मॉल सेलची, हा जुना वाद आहे. शस्त्रक्रियेनंतर प्लॅटिनम गटातील औषधासोबत एटोपोसाइड देण्याकडे बहुतेकांचा कल असतो. जनुकीय तपासणीत या आजाराचे दोन ढोबळ गट दिसतात: एकात टीपी53 आणि आरबी1 ही दोन्ही जनुके बिघडलेली असतात आणि तो स्मॉल सेलच्या जवळचा वाटतो, दुसऱ्यात टीपी53सोबत एसटीके11 किंवा केईएपी1 यांत बिघाड असतो. त्यावरून औषध निवडावे एवढा भक्कम पुरावा अजून नाही. शस्त्रक्रियेनंतर इम्युनोथेरपी घ्यावी का, असाही प्रश्न हल्ली नातेवाईक हमखास विचारतात. या विशिष्ट प्रकारासाठी तिचाही पक्का पुरावा नाही, आणि खर्च मात्र घर हलवणारा आहे.

ठाण्याच्या वहिनी

आमच्या घरी हे सर्व होऊन गेले आहे, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी लिहिते.

स्लाइड दुसरीकडे दाखवायच्या असतील, तर रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून स्लाइडसोबत मेणाचे ब्लॉकही मागून घ्यावेत. ब्लॉकवरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक खिडकीसमोरच ताडून पाहावा, पोच जपून ठेवावी आणि मुंबईच्या उन्हात ते डबे गाडीत ठेवून जाऊ नये, मेण वितळते. कागदपत्रांवरून दुसरे मत हवे असेल, तर टाटा मेमोरियलशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा आहे, जिच्यात प्रत्येक वेळी परळला फेरी मारावी लागत नाही.

तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर घरी आणला असेलच. आमच्याकडे रुग्ण नळीत फुंकर मारून गोळ्या उडवत असत आणि झाले म्हणून बाजूला ठेवत असत. श्वास आत ओढून गोळी वर धरून ठेवायची असते. फिजिओथेरपिस्टने समोर बसून दाखवले, तेव्हा पहिली गोळी जेमतेम हलली. केमो सुरू होईपर्यंत हा व्यायाम आणि चालणे सोडू देऊ नका.

केमोच्या डे केअरला लोकलने जाणार असाल, तर कर्करोगाच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो; रुग्णालयाचे कागद सोबत ठेवावेत, कारण तेथे हुज्जत घालणारे भेटतात. शिधापत्रक असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधी भेटा आणि मगच बिलाचे बोला.

लालबागकर

वक्षशल्य यांचे विवेचन पटले. माझ्या परिचयाच्या गृहस्थांकडे विचारले. त्यांची गाठ कार्सिनॉइड होती.

माहीमकर (धागाकर्ता)

आजवरची प्रगती कळवतो. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनी पाहिल्या आणि निदान कायम ठेवले. ‘कम्बाइन्ड’ नाही, मात्र रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्याची नोंद त्यांनी केली आहे. मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला. येथील प्रतिसादांची छापील प्रत भावोजींनी स्वतः वाचली आणि ‘माझ्यावरून तुम्ही भांडू नका, मी घेतो’ एवढेच म्हणाले. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) मर्यादेत असल्याने सिस्प्लॅटिन आणि एटोपोसाइडच्या चार सायकल ठरल्या आहेत. प्रत्येक सायकल तीन दिवसांची असेल आणि ती दर तीन आठवड्यांनी होईल.

दोन शंका उरल्या आहेत. उपचार संपल्यावर तपासण्या किती वेळा कराव्यात? आणि भावोजींना बसच्या इंजिनाशेजारी नोकरी केल्यामुळे डाव्या कानाने आधीच कमी ऐकू येते. ते डॉक्टरांना सांगण्याएवढे महत्त्वाचे आहे का?

वक्षशल्य

पहिल्या दोन वर्षांत आम्ही छाती आणि पोटाच्या वरच्या भागाचा सीटी स्कॅन दर तीन ते चार महिन्यांनी करतो, त्यानंतर अंतर वाढवत नेतो. मेंदूच्या एमआरआयबाबत या आजारासाठी सर्वमान्य नियम नाही. स्मॉल सेलमध्ये पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे सहा महिन्यांनी करतात, आणि अनेक तज्ज्ञ येथेही तेच वेळापत्रक पाळतात. मेंदूला प्रतिबंधक किरणोपचार मात्र या प्रकारात सरसकट देत नाहीत. दोन वर्षे आजार न उलटता गेली, तर पुढचे चित्र आजच्या टक्केवारीपेक्षा बरेच चांगले असते.

कानाचे मात्र पहिल्या सलाइनपूर्वी सांगायलाच हवे. सिस्प्लॅटिनमुळे गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही, आणि ते आधीच कमी असेल, तर डॉक्टर सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिनचा विचार करतात. उपचारांपूर्वीची ऑडिओमेट्री (श्रवणतपासणी) हाती असावी, म्हणजे नंतरच्या तपासणीशी ताडून पाहता येते.

ठाण्याच्या वहिनी

ऑडिओमेट्रीसाठी तुम्हाला लांब जावे लागणार नाही. वांद्रे पश्चिमेला रेक्लेमेशनजवळ अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, माहीमहून अगदी जवळ. सकाळी लवकर जा आणि तपासणीचा आलेख मूळ प्रतीत मागून घ्या. झेरॉक्सवर उजव्या कानाची लाल आणि डाव्या कानाची निळी रेषा सारख्याच काळ्या दिसतात आणि कोणता कान कोणता, हे पटकन कळत नाही.